फुंकरबाबा आणि बोकडाचं फुप्फुस

परभणीच्या दवाखान्यात खिडक्यांना माणसं लटकली होती. आत लिंबाजी निपचित पडलेला. फुंकरबाबांचा हात वर गेला की त्याची छातीही वर येई.

"माझाच श्वास चाललाय त्याच्यात," बाबा सांगत होते. नारळांचा ढीग वाढत होता.

वालूरच्या लिंबाजीला मण्यार चावली होती. विषानं स्नायू लुळे पडले, पापणीही उचलेना, श्वासही आपसूक चालेना. घशात नळी, नळीला रबरी फुगा आणि तो दाबून हवा भरायला नर्स सुलाबाई. बाबा नेमके फुग्यासमोर शाल पसरून उभे होते.

मी लिंबाजीचा मेव्हणा, पेशानं मास्तर. सकाळपासून आत खाटेशेजारून बघत होतो. आधी सुलाबाईंची बोटं मिटत, मग बाबांचा हात उठे.

"बाबा, भिंतीकडं तोंड करून मंत्र म्हणता का?" मी नम्रपणे विचारलं. "तुमच्या तेजानं डोळे दिपायलेत."

बाबा खुशीत वळले. शाल सरकली, फुगा उघडा पडला. आता छाती वर गेली की बाबांचा हात खाली. खिडकीत हशा पिकला.

बाबा चवताळले. "ही बाई श्वास राखून द्यायलीय. फुगा इकडं द्या, मी दहा माणसांचा श्वास एकदम भरतो, उठून बसंल."

"द्या की बाई जास्त," लिंबाजीची बायको कस्तुराबाई काकुळतीनं म्हणाली.

सुलाबाईंनी फुगा सोडला नाही. "मास्तर, खाटकाकडून बोकडाचं फुप्फुस आणा."

व्हरांड्यात त्या फुप्फुसाला जुना फुगा जोडला. मी हळू दाबला; फुप्फुस फुललं, बसलं. मग बाबांना दिला. त्यांनी दोन्ही हातांनी आवळला. फुप्फुस फाटलं. नंतर हळू दाबूनही ते फुगेना, हवा चिरेतून निसटत राहिली.

कस्तुराबाई आत जाऊन खाटेसमोर आडवी उभी राहिली. "बाबा, तुमी आता निघा."

सुलाबाईंनी आम्हाला शिकवलं, "छाती जराशी उचलंल इतकंच दाबा. मग पुरती खाली बसू द्या." आम्ही पाळीपाळीनं दाबत राहिलो. डॉक्टरांच्या औषधानं विष उतरलं. पाचव्या दिवशी नळी निघाली.

लिंबाजीचं पहिलं बोलणं असं, "मला समदं ऐकू येत होतं. दहा माणसांचा श्वास म्हणला, तवा लय भ्यालो."

साप चावला तर थेट दवाखाना गाठा. तिथंही चमत्कार दिसला तर नमस्कार करण्याआधी शालीमागं काय चाललंय ते बघा.