अंदिजानचं कापड

हद्दीवरच्या कारा-सू गावच्या बाजारात कानिशायच्या शिवणघरात बारा बायका कापूस भरलेले कोट शिवायच्या. कापड हद्दीपलीकडच्या अंदिजानहून, होशिमजान विणकराकडून यायचं आणि शिवलेला निम्मा माल त्याच वाटेनं परत जायचा. दोन्हीकडच्या सरकारांनी नाका बंद ठेवला त्या वर्षांतही दोघांनी हद्दीवरच्या कालव्यावरून गठ्ठे फेकून धंदा जगवला होता. आता कुठे नाका उघडला, तर हा दानियार करारनामा घेऊन हजर.

दानियार राजधानीचा, बोलायला गोड. त्याच्या कंपनीतला पैसा मात्र कुठल्या कुठल्या परदेशातून आलेला. चाळीस नवी यंत्रं बिनभाड्याची मिळणार होती. अट एवढीच की कापड कंपनीचंच घ्यायचं आणि कोट कंपनीलाच विकायचे. अंदिजानशी संबंध संपला.

कानिशायची यंत्रं पार म्हातारी झाली होती, दिवसाआड एखादं हटून बसायचं. तिला मोह झाला नाही असं कसं म्हणावं? पण शेजारच्या बुरुलनंही असाच कागद केला होता. दोन वर्षांत तिकडे परदेशात व्याज वाढलं, पैसा आला तसा तिकडेच उडून गेला आणि ट्रक येऊन यंत्रं घेऊन गेला. तोवर तिच्या जुन्या विणकरानं दुसरं गिऱ्हाईक धरलं होतं. बुरुल आता कानिशायकडेच काजं करायला बसते.

"तो होशिमजान तुम्हाला असं काय देतो, एजे?" खाली पसरलेल्या कापडावर मांडी घालून बसलेल्या दानियारनं विचारलं. थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणायला तो विसरत नव्हता.

"नाका बंद होता तेव्हा तो थांबला. तुझा पैसा एक हिवाळा तरी थांबेल का?"

"पैशाला कोण बांधून ठेवणार, एजे?" तो हसला.

"मग मला कशाला बांधतोस?"

बुरुलची सुई थांबली. कानिशायनं त्याची चहाची वाटी उचलली. इतका वेळ ती बोटभरच चहा ओतत होती, आता तिनं काठोकाठ भरून त्याच्यासमोर ठेवली. बायकांनी हसू दाबायला माना खाली घातल्या. दानियार मात्र खूश झाला. एवढा मान बघून त्याला वाटलं काम फत्ते, आणि त्यानं पेनाचं टोपण काढून कागद पुढे सरकवला.

शहरात वाढलेल्या माणसाला आता हे कोणी सांगायचं? बुरुलनंच सांगितलं.

"बाळा, आमच्याकडे भरलेली वाटी म्हणजे ऊठ आता. आणि जपून ऊठ, खाली अंदिजानचं कापड आहे."