कडू कॉफी

कोर्टाची तारीख आली की थोरला मुलगा खलफ नवरदेवासारखा नटायचा, याची बहानाला मनस्वी चीड होती. इस्त्रीचा झगा, खांद्यावर बापाची शाल, मिशीला तेल. न्यायाधीश आत आला की सगळ्यांच्या आधी हा उभा. घरात आई समोर आली तर पसरलेले पाय आखडून घ्यायचा नाही.

धाकट्या रिफाईला कालव्याच्या पाण्यावरून सुलताननं गोळी घातली, त्याला तीन वर्षं होत आली. इकडे सईद मुलखात, खून झालेल्या माणसाचा हिशेब लागेस्तोवर घरचे सांत्वन घेत नाहीत. मांडव नाही, कुराणवाचन नाही, बिनसाखरेची कॉफी नाही. शेजारणी रडत आल्या, त्यांना बहानानं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

पूर्वी हा हिशेब बंदूक चुकता करायची. खलफ म्हणाला, आता कोर्ट करील. आपला रिफाई हकनाक गेला, हे सरकारच्या तोंडून गावाला ऐकू दे. बहानाला पटलं. एक पोर गेलं होतं, दुसरं तरी राहायला हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सुलतानचा म्हातारा बाप दोन्ही हातांवर कफन घेऊन, अनवाणी, साऱ्या गावादेखत दारी आला. मुलाचा गुन्हा पदरी घेऊन मान पुढे करायला आला होता. ते कफन घेतलं की हिशेब मिटायचा; बहाना उठलीसुद्धा. पण खलफनं दार लोटलं. खटला चालू असताना हे घेतलं तर कोर्टाला काय वाटेल, म्हणाला. म्हातारा ऊन कलेपर्यंत उभा राहिला आणि कफन घेऊन माघारी गेला.

परवा सुलतान तुरुंगात तापानं मेला. वकिलानं निरोप धाडला, आरोपीच उरला नाही, खटला मिटला, निकाल लागायचा नाही. तिकडे सुलतानच्या दारात मांडव पडला. सगळं गाव कॉफी प्यायला तिकडे चाललं होतं.

आणि आज सकाळी खलफ पुन्हा झगा इस्त्री करायला बसला. आज तारीख आहे, म्हणाला. न्यायाधीश निदान रिफाईचं नाव तरी वाचतील.

 बहानानं इस्त्रीची वायर ओढून काढली.

"तुझं कोर्ट गप्प बसलं, म्हणून निकाल मी देते. ऐक. रिफाईला मारलं सुलताननं, पण मेल्यावर तीन वर्षं त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवलंस तू. आता तो झगा चढव, आणि न्यायाधीशापुढे उभा राहतोस तसा दारात उभा राहा. कोणी आलं तर आत घे. मी कॉफी चढवते."