हाक काय मारायची?

नवी मुलगी आल्यापासून ना बोलली, ना धड जेवली. भाचीनं वाढलं तर दोन घास खायची; मावशी दारात दिसली की ताट सरकवून भिंतीकडे तोंड.

धंद्यातून सोडवून आणलेल्या मुलींचं ते घर मावशीच चालवायची. सख्खी मावशी एकट्या भाचीची, पण हाक साऱ्या घराची. आज दुपारी अधिकारी बाई येणार होत्या, मुलीचा काका म्हणवणाऱ्या माणसाला घेऊन. मुलगी गप्प राहिली, तर तो तिला नेणार. असले काका भाचीनं पुष्कळ पाहिले होते.

"माझं काय चुकतंय गं?" भाजी परतता परतता मावशीनं विचारलं.

भाची चाचरली. "तिच्याबरोबर सुटलेली मुलगी सांगत होती. तिथल्या मालकिणीलाही मावशीच म्हणायचे. मावशीनं जेवायला हाक मारली, की समजायचं, गिऱ्हाईक आलंय."

उलथनं थांबलं. मावशीनं हात पुसले आणि साऱ्या मुलींना स्वयंपाकघरात गोळा केलं.

"आजपासून मला मावशी म्हणायचं नाही. दुसरं काही शोधा."

"ताई?"

"ताईनंच मला गाडीत बसवलं," कोपऱ्यातून एक म्हणाली.

"मग काकू?"

"काकूनं माझा भाव केला होता."

"आजी!"

"जीभ हासडीन! केस रंगवते ते काय उगाच?"

हशा पिकला अन् विरला. मायेची म्हणून जेवढी नाती, तेवढी कुणीतरी आधीच नासवून ठेवलेली. आई हा शब्द कुणी काढलाच नाही.

"लहानपणी मला ढब्बू म्हणायचे," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अजून शोभतंय."

बोबडे बोल फुटले तेव्हापासून भाची 'मावशी' या शब्दाच्या उबेत वाढली होती. आणि या बाईनं तो किती सहज उतरवला, थंडीत अंगावरची शाल काढून दुसऱ्याला पांघरावी तसा! भाचीनं कढईकडे बोट दाखवलं.

"ढब्बू, भाजी करपतेय."

दारामागे कुणीतरी फिसकन हसलं. नवी मुलगी होती.

दुपारी तो माणूस खुर्चीतून पुढे झुकला. "चल बाळा, काकाबरोबर."

"जातेस काकांबरोबर?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मुलीनं ढब्बूचं कोपर घट्ट धरलं. खोल विहिरीतून पोहरा वर यावा, तसा हळूहळू तिचा आवाज आला.

"त्याला काका म्हणू नका."