मॅटाडोरचा तळ

गाडीत पाय टाकला आणि तो घोट्यापर्यंत प्लायवूडमध्ये गेला. खालून लीलाधरभाऊ म्हणाले, "बघा मिस्त्री, तुमचं काम."

माझं काम! दोन वर्षांपूर्वी ही जुनी मॅटाडोर भुसावळला माझ्या शेडमध्ये आणून त्यांनी तिचं फिरतं घर करून घेतलं होतं. दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. दीपनगरच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेला माणूस, बायकोला घेऊन भारत बघणार म्हणून सगळ्या यावलला सांगत सुटला. गेले कुठे? एकदा ओंकारेश्वरला. परत आले ते कंबर धरून, मग घरात रंगीत टीव्ही आला, आणि गाडी अंगणात लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच.

भाऊंचा निकाल तयार होता. चूक माझी असेल तर मी फुकट दुरुस्त करायचं, नाहीतर गाडी भंगारात. एवढं सुनावून ते चहाला आत गेले. मी कुजकी फळी उचकटायला लागलो. टपाला आतून हात लावून पाहिला, कोरडा; वरून गळत नव्हतं. टाकीत तर कोळ्यांनी जाळी केलेली. प्लाय वरून कुजलं होतं, दाराजवळ सगळ्यात जास्त. माझं डोकं चालेना.

भाऊंची बायको, शेवंताबाई, दाराशी आल्या. हातात बादली. "मीच धुते तिले," त्या हळूच म्हणाल्या. "रोज सकायी. घर म्हनल्यावर धुवा नही लागत का?"

अहो, फरशी धुवावी तशी ही बाई दोन वर्षं प्लायवर पाणी ओतत होती. मला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून ते गिळलं. मग त्या बोलतच राहिल्या. लग्न झालं तेव्हा चूल सासूची. दीपनगरचं क्वार्टर बोर्डाचं, भिंतीत खिळा ठोकला तरी नवरा ओरडायचा. इथलं घर सुनेचं, चहा ठेवायचा तोही विचारून. गाडीत मात्र शेगडी त्यांची, गोधडी त्यांची, आणि दुपारी दार लावून पडलं तर कोणी हाक मारत नव्हतं.

"तुह्या भाऊले सांगू नको रे," म्हणाल्या. "भंगारात घालतीन."

नाही सांगितलं. प्लाय हलकं निघालं, चूक माझी, असं मी भाऊंना म्हटलं. त्यावर शेजारपाजारी ऐकतील अशी त्यांनी माझी बिनपाण्यानं हजामत केली. ऐकून घेतली. पदरचा जाड लोखंडी पत्रा आणून टाकला, सांधे वेल्ड केले, दाराकडे उतार दिला. आता बाईंनी खुशाल घागरी ओताव्यात.

केळीची काढणी सुरू झाली आणि भाऊंचा निरोप आला. गेलो तर स्वारी खूश. पत्र्यावर पाय आपटून म्हणाले, "मिस्त्री, तळ असा झालाय की टनभर माल घाला. पोरगा उद्यापासून हिच्यातून केळी नेणार. पलंग काढा, शेगडी काढा."

"शेवंताबाईंना विचारलं का?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? एवढं मोठं घर आहे की तिला."

असा संताप आला, की पाना तिथंच फेकून द्यावा. मी पत्रा टाकला नसता तर गाडी भंगारात जाणार होती, टाकला तर ही अशी गेली. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी यावलचा दुसरा मिस्त्री बोलावला असता. मी चढलो.

शेवंताबाई पलंगावर बसून होत्या. त्यांनी गोधडीची घडी केली, चहाचं पातेलं तिच्यावर ठेवलं. मी पलंगाच्या नटाला पाना लावला.

"थांब रे भाऊ," त्या म्हणाल्या. "पयले मले उतरू दे."

गोधडी-पातेलं घेऊन उतरल्या. अंगण ओलांडून स्वैपाकघराच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि सुनेला विचारलं, हे कुठं ठेवू.