छत्तीस मिनिटांची घरघर

जरा जवळ या. माझी वायर कापून टाकली आहे, त्यामुळे मोठ्याने बोलता येत नाही. मी एक फ्रीज आहे. एके काळी पांढरा होतो, आता दाराच्या खालच्या कडेला गंज चढलाय. पण नाक मुरडू नका. माझ्या नावावर एक अख्खी रेकॉर्ड आहे. तुमच्या घरातल्या फ्रीजला विचारून बघा, त्याच्या नावावर काय आहे ते.

इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या हेसल रोडवर मला लेन स्टॅदर्सने आणलं, १९६६ साली. लेन मासेमारीच्या जहाजावर आचारी होता. तीन आठवडे समुद्रावर, तीन दिवस घरी, असं त्या लोकांचं आयुष्य. त्या तीन दिवसांत खलाशी नवाबासारखे राहत. नवा सूट, कोपऱ्यावर जायलासुद्धा टॅक्सी, साऱ्या गल्लीला बिअर. लेनने त्या खेपेला मला आणलं.

"अरे, पण ठेवायचं काय ह्यात?" त्याची बायको म्हणाली.

"थंडावा आणलाय. लोणी पुढच्या खेपेला आणतो," लेन म्हणाला.

पुढच्या खेपेहून त्याचं जहाज परतलंच नाही. त्याची मुलगी जेनिस तेव्हा सहा वर्षांची होती. ती कितीतरी दिवस माझं दार उघडून आत लोणी आलंय का ते बघायची. मला तेव्हा फार वाईट वाटायचं. रिकामा फ्रीज असणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

जेनिस मोठी झाली, गिटार वाजवायला लागली. बास वाजवणारी पॅट आणि ड्रम बडवणारा नेव्ह, असे तिघे मिळून त्यांचा बँड झाला. आई मावशीकडे राहायला गेल्यावर तालमी आमच्या स्वयंपाकघरातच व्हायच्या. नेव्ह तर ओव्हनचे ट्रेसुद्धा सोडत नसे.

तिथेच एक दिवस मार्टिन ओंबलर आला. त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत त्याने स्वतःची कंपनी काढली होती. कंपनीचं नाव मी सांगणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? माणूस तसा मनापासून बोलायचा. लंडनच्या मोठ्या कंपन्या कलावंताच्या मानगुटीवर कशा बसतात, हे सांगताना त्याच्या कपाळाची शीर उडायची. वकील नको, वशिला नको, म्हणून करार त्याने स्वतःच टाइप केला होता. तीन रेकॉर्डचा करार. त्यातलं एक कलम त्याने उभं राहून वाचून दाखवलं. "संगीत चांगलं की वाईट, हे कंपनी कधीही ठरवणार नाही!" आणि टेबलावर मूठ आपटली. तिघांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, मलाही हात असते तर मीही वाजवल्या असत्या.

त्याच्याच खाली लिहिलं होतं की रेकॉर्डिंग कायमचं कंपनीच्या मालकीचं. ते कुणी मोठ्याने वाचलं नाही. लग्नाच्या दिवशी भांडणाचं कोण बोलतो?

दोन रेकॉर्डी निघाल्या. मग जेनिसने आठ गाणी लिहिली. बापावरची गाणी. रोज दुपारी मासळीच्या कारखान्यातून आली की ती जमिनीवर बसायची, माझ्या अंगाला पाठ टेकून, आणि हळू आवाजात गायची. ती गाणी सगळ्यांत आधी मी ऐकली. ती गात असली की मी घरघर आवरून धरायचा प्रयत्न करायचो. जमायचं नाही, पण करायचो.

मार्टिन तोवर बदलला होता. कंपनी लंडनवाल्यांना विकायची बोलणी चालू होती आणि तिसरी रेकॉर्ड हातात असली तर भाव वाढणार होता.

"देते की," जेनिस म्हणाली. "फक्त ही आठ गाणी माझ्या मालकीची राहतील असं लिहून दे."

"करार म्हणजे करार, पोरी. कायमची म्हणजे कायमची."

"माझ्या बापाची गाणी आहेत ती, मार्टिन."

"बाप तुझा. टेप माझी."

हे त्याने माझ्यासमोर म्हटलं. माझ्यातली दुधाची बाटली फुटावी, इतका मला राग आला.

तिसरी रेकॉर्ड दिल्याशिवाय बँडला दुसरीकडे जाता येत नव्हतं. आणि ती दिली तर लेनची गाणी अनोळखी लोकांच्या हातात कायमची जाणार होती. वर्षभर जेनिसने एक ओळ रेकॉर्ड केली नाही. पॅट म्हणायची, "दे फेकून त्याच्या तोंडावर, नवी लिही." जेनिस म्हणायची, "माझ्याकडे दुसरा बाप नाही."

मग एका रविवारी दुपारी नेव्ह चिप्स खाता खाता करार वाचत बसला होता. करारावर व्हिनेगरचे डाग पडले.

"जेन," तो म्हणाला, "यात लिहिलंय की नवं रेकॉर्डिंग पाहिजे, सलग पस्तीस मिनिटांचं पाहिजे, तिघांनी मिळून वाजवलेलं पाहिजे. चांगलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

कुणीच बोललं नाही. त्या शांततेत फक्त मी ऐकू येत होतो. तिघांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझीच घरघर टेप करायची ठरली. एक अडचण होती. मी अकरा मिनिटं चालतो आणि थांबतो, हा माझा स्वभाव. थांबलो की करार मोडला. म्हणून जेनिस दार उघडं धरून उभी राहिली, म्हणजे मला थंडच होता येऊ नये. पॅट आतल्या दिव्याचं बटण टकटक दाबत होती. नेव्हने दुधाच्या दोन बाटल्या चिकटवून ठेवल्या, त्या माझ्या थरथरीने किणकिणायला लागल्या. पंचविसाव्या मिनिटाला माझी मोटर तापली. अठ्ठाविसाव्याला जळका वास आला. पॅटने खुणेनेच विचारलं, "बंद करू?" जेनिसचे डोळे भरले होते, पण तिने नकारार्थी मान हलवली. मी थांबलो नाही. मला त्या घरात लेनने आणलं होतं. छत्तीस मिनिटं मी एका दमात घरघरलो.

टेप ऐकून मार्टिन वकिलाला घेऊनच आला. डगलबी नावाचे म्हातारे गृहस्थ होते.

"मुख्य वादक कोण?" त्यांनी विचारलं.

नेव्हने माझं दार उघडलं. "हे बघा, साहेब. चहाला दूध घालू का?"

"चेष्टा आहे ही!" मार्टिन ओरडला. "ह्याला संगीत म्हणतात?"

"ते तू ठरवायचं नाहीस," जेनिस म्हणाली. "तूच लिहिलंयस. इथेच, ह्याच टेबलावर."

डगलबींनी चष्मा पुसून कलम पुन्हा वाचलं. "ओंबलर, हे तुम्ही का लिहिलंत?"

मार्टिनने त्या कलमावरून बोट फिरवलं. "तेव्हा खरं वाटत होतं," तो म्हणाला. त्या क्षणी मला त्याची दयाही आली.

पण माणूस हरला की फणा काढतोच. त्याने शेवटचं पान उलटलं. "अकरावं कलम. कंपनीला दिलेली रचना बँडने पाच वर्षं पुन्हा वाजवायची नाही. आजपासून हा आवाज माझा. वाजवलात तर कोर्टात खेचीन!"

टक्. माझ्या आत बटण पडलं आणि मी सुरू झालो.

"गेलं!" नेव्ह म्हणाला. "वाजवायला लागला की हो, मार्टिनशेठ!"

"जा," जेनिस म्हणाली, "त्याला नोटीस दे."

डगलबींनी तोंड कपात लपवलं. मार्टिनने बँडला करारातून मोकळं केल्याचा कागद माझ्याच डोक्यावर ठेवला आणि सही केली. मी इतका थरथरत होतो की त्याची सही वेडीवाकडी आली. मी मुद्दाम केलं नाही, असं म्हणणार नाही.

त्या छत्तीस मिनिटांनी माझी मोटर कायमची अधू झाली. नंतर माझ्यात दूध दुपारपर्यंतच टिकायचं. तरी जेनिसने मला टाकलं नाही. वीसेक वर्षं परसातल्या छपराखाली रंगाचे डबे सांभाळत उभा होतो. आता ते छप्परच पडलंय, आणि गुरुवारी पालिकेचा ट्रक येणार आहे. माझी काही तक्रार नाही.

तुमच्यापैकी कुणी गाणारे असाल, तर एवढं ऐका. सही करण्याआधी कागद वाचा. सही करून बसला असाल तर पुन्हा वाचा. लिहिणाऱ्याने घमेंडीत कुठेतरी स्वतःचेच हात बांधून ठेवलेले असतात.

लेनची आठ गाणी पुढच्याच वर्षी निघाली. रेकॉर्डची पाकिटं ह्याच घरात डिंकाने चिकटवली. ती रेकॉर्ड अजून मिळते, आणि ती जेनिसची आहे. मिळाली तर कान देऊन ऐका. तिच्यात माझा आवाज कुठेही नाही. त्यासाठीच तर मी घरघरलो होतो.