आईला दिसलेली पिल्लं

"झाली गं तुझी पिल्लं," आई म्हणाली, आणि माझ्या हातातला कप बशीवर असा आदळला की अर्धा चहा टेबलावर. सांडू दे! मी तशीच उठले आणि कोळंब्यांच्या काचेच्या टाकीपुढे गुडघे टेकून बसले.

"कुठं दिसली?"

"कुठं काय विचारतेस? सगळीकडे. बारीक, पांढरट. पाय हलवत हलवत जातात."

अगदी बरोबर. माझ्या लाल कोळंब्यांची पिल्लं तशीच असणार, केसाच्या तुकड्याएवढी आणि जवळजवळ आरपार दिसणारी. मोठी मादी कालपर्यंत पोटाखाली पिवळट अंडी घेऊन पायांनी त्यांना वारा घालत होती. आज तिचं पोट रिकामं होतं. म्हणजे अंडी फुटली होती. मी दुकानातून आणलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि शेवाळाचा गुच्छ, दगडाची कपार, स्पंजचा फिल्टर सगळं धुंडाळलं. गुडघ्यांना रग लागली तरी एकही पिल्लू दिसलं नाही. पण लपून बसली असतील, असं म्हणत मी खुशीत कामाला गेले.

एवढी खुशी कशाची, ते सांगते. त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला होता. "ताई, आईनं मला विचारलं, बाबा जेवले का म्हणून."

बाबांना जाऊन वर्षं लोटली.

"झोपेत असेल," मी म्हटलं. "तू तरी कुठल्या वेळी फोन करतोस?"

"तिला कुणाला तरी दाखव ना."

"तू ये आणि दाखव! लांब बसून अक्कल शिकवायला काय जातं?" मी फोन ठेवून दिला. आईचं डोकं ठिकाणावर नाही असं कुणी सुचवलं की माझं डोकं फिरतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी आईवर नजर ठेवून होते. आई मिठाचा डबा शोधायला लागली तरी मी हातातलं काम टाकून बघत राहायची.

माझं चष्म्याचं दुकान आहे. आईचे डोळे मीच तपासते. मोतीबिंदू काढल्यापासून ती तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचते. डोळ्यांत काही खोट नाही. मग तिला पिल्लं दिसली म्हणजे ती टाकीत असायलाच हवीत, आणि टाकीत सापडली की आई ठणठणीत. मनाशी मी असा सौदाच करून टाकला होता. आता पिल्लं शोधणं एवढंच काम उरलं.

शोभेच्या माशांच्या दुकानाचा मालक एकदा सुरू झाला की थांबत नाही. "टाकीत मासेही आहेत? मग विसरा, ताई! त्यांच्या लेखी पिल्लू म्हणजे चालता-फिरता घास." मी सगळे मासे पिशवीत भरून त्याच्याकडे नेऊन सोडले.

पुढे आणखी दोघींच्या पोटाखाली अंडी आली. आई रोज बातमी द्यायची. "वाढली गं. आज तर खूप आहेत." ती बोलायची आणि मी टाकीला नाक लावायची. काही नाही! तरी मी भावाला फोन करून ऐकवलं, "आईला टाकीतली पिल्लं दिसतात, मला भिंगातून दिसत नाहीत. आणि तू म्हणे तिला दाखव!"

तो म्हणाला, "ताई, म्हणजे तुला दिसली नाहीत?"

मी फोन कापला.

दुसऱ्या दिवशी अंडी वाळूवर पडलेली सापडली. मादीनं टाकून दिलेली. मी तडक मालकाकडे.

"पाणी किती बदलता?"

"एक दिवसाआड अर्धं. स्वच्छ राहावं म्हणून."

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, बाळंतिणीला एक दिवसाआड बिऱ्हाड बदलायला लावाल का? एकदम इतकं नवं पाणी मिळालं की ती कात टाकते. अंडी पोटालाच चिकटलेली, तीही कातेबरोबर गेली."

चूक माझीच होती. भीतीपोटी हात स्वस्थ बसत नव्हता, दुसरं काय. मी पाण्याला हात लावणं सोडलं आणि वाट पाहिली. पण काहीच सुधारलं नाही. एका सकाळी एक कोळंबी वेड्यासारखी गरागरा फिरायला लागली, काचेवर आपटली आणि उलटी पडली. पाय थरथरत राहिले. तिच्यामागून आणखी एक. मला रडू यायला लागलं.

आई मागे येऊन उभी होती. "मेली का?"

"हो गं."

"बरं झालं," ती हळूच म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. पण विचारायचा धीर झाला नाही. मी दुकानाच्या किल्ल्या उचलल्या आणि बाहेर पडले.

दुपारी पुन्हा मालकासमोर उभी राहिले. कोळंबी कशी फिरली ते मी सांगितलं आणि त्याची बडबड एकदम थांबली. "हे विषाचं काम आहे, ताई. घरात औषध फवारलंत? झुरळांचं, मुंग्यांचं?"

"मुळीच नाही. आमच्याकडे झुरळ नावाला नाही."

"हवेचा पंप कुठे ठेवलाय?"

पंप आईच्या खोलीत होता. बैठकीत त्याची घरघर नको, म्हणून मी तो भिंतीपलीकडे तिच्या कपाटावर ठेवून नळी भोकातून टाकीत आणली होती. आईला आवाजाचं काही वाटत नाही, उलट सोबत वाटते म्हणाली होती.

"पंप जिथली हवा ओढतो तीच पाण्यात सोडतो," मालक म्हणाला. "त्या खोलीत काय आहे ते बघा."

माझ्या दुकानात मी परत गेलेच नाही. घरापर्यंतचा रस्ता कसा कापला देव जाणे. डोक्यात एकच चाललेलं: उंदीर असू दे, ढेकूण असू दे, नाही तर शेजाऱ्यांनी काही फवारलेलं असू दे. दार उघडून मी तडक आत गेले.

आईच्या खोलीचं दार बंद होतं. ढकललं तर औषधाच्या वासानं घसा चरचरला. खिडक्या घट्ट लावलेल्या. गादी ओली, भिंतीवर ओघळ, पलंगाखाली फवाऱ्याचे रिकामे डबे. आणि खोलीच्या मधोमध खुर्चीवर आई बसलेली, दोन्ही पाय वर घेऊन, मांडीवर आणखी एक डबा धरून. डोळे लाल झालेले.

मी धावत जाऊन खिडक्या उघडल्या. "आई! हे काय चालवलंयस?"

ती दचकली. डबा पदराखाली लपवायला गेली. "रागावू नकोस. तू एवढ्या हौसेनं पाळलीस. पण फार झाली गं. त्या नळीतून येतात. भिंतीवर, अंथरुणात, माझ्या केसांत. मी रात्र रात्र इथेच बसते. तुला वाईट वाटेल म्हणून गुपचूप मारते."

मी भिंतीकडे पाहिलं. गादीकडे पाहिलं. चादर उचलून झटकली. मला काय दिसायला हवं होतं ते माझं मलाच कळेना. एक मुंगी तरी असावी, एक कोळी असावा. देवा, काहीतरी असू दे. चादरीवर काहीच नव्हतं. इतके दिवस ती रोज सांगत होती आणि मी रोज टाळ्या वाजवत होते. मला एवढी भीती कधीच वाटली नव्हती, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही.

आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला कळायला वेळ लागला नाही. ती आईच होती ना अजून.

"तुला दिसत नाहीत," ती म्हणाली.

खोटं जिभेवर आलं होतं. हो म्हणावं, दोघी मिळून झाडून काढू म्हणावं. पण म्हटलं तर ती उद्या पुन्हा हे विष घेऊन दार लावून बसणार.

"नाही, आई. इथे काही नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

डबा तिनं माझ्या हातात दिला. मग बारीक आवाजात म्हणाली, "मला तर अजून दिसताहेत. तुझ्या बाहीवर आहे एक."

मी हात हलवला नाही. बाही झटकावीशी वाटली, खरंच वाटली, पण नाही झटकली.

"भाऊ म्हणतो तसं कुणाला तरी दाखवू या," मी म्हटलं. "मी येते बरोबर."

"चालेल. पण मी पुन्हा विचारीन तुला. उद्या विसरेन आणि पुन्हा विचारीन. तेव्हा चिडू नकोस. तुझा राग मला या किड्यांपेक्षा भारी पडतो."

"नाही चिडणार." मी डबा खिडकीत ठेवला. "चल, आधी या वासातून बाहेर चल. पाय खाली सोड."

तिनं फरशीकडे पाहिलं. तिचा श्वास भराभर चालला होता. खुर्चीपासून दारापर्यंत तिला काय वळवळताना दिसत होतं ते तिचं तिला ठाऊक. मी तिचे दोन्ही हात धरले.

"काही नाही म्हणतेस ना?"

"काही नाही."

"बरं," आई म्हणाली. तिनं डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि माझ्या शब्दावर एक पाय खाली ठेवला.