हातोड्याची पारख

नवरा साओ पावलोला जाऊन परागंदा झाला, तेव्हापासून झुल्मिरा सासऱ्याच्या घरात अडकली होती. बेलार्मिनोची अट एकच होती: नदीतली वाळू चाळून एक हिरा काढून दे, मग खुशाल माहेरी जा. तीन वर्षांनी आज तिच्या चाळणीत हरभऱ्याएवढा खडा आला.

बेलार्मिनोनं तो ऐरणीवर ठेवला आणि हातोडा उचलला. त्याच्या घराण्यात हिरा असाच पारखत.

"मामंजी, ठोकू नका! सोनं ठोकलं तर पसरतं, कारण त्याचे कण एकमेकांवरून सरकतात. हिऱ्यात प्रत्येक कणानं शेजारच्यांना गच्च धरलेलं असतं. म्हणून तो कठीण असतो, पण सरकायला जागाच नसते. नको तसा घाव बसला की फुटतो!"

"दोन वर्षं शाळेत शिकवलंस म्हणून आता मला शिकवतेस होय गं? चाळीस वर्षं हेच करतोय मी. खरा हिरा फुटत नसतो!"

घाव पडला आणि खड्याचे तुकडे झाले.

"बघ, काच निघाली. धर चाळणी."

झुल्मिरानं एक तुकडा उचलला, सासऱ्याचा हात धरला आणि त्याच्या अंगठीतल्या पुष्कराजावर तो दाबून ओढला. या खड्यावर फक्त हिऱ्याचाच ओरखडा उठतो, असं बेलार्मिनो गावभर सांगायचा.

ओरखडा उठला.

तो बघतच राहिला. काच म्हणून चाळीस वर्षांत त्यानं किती खडे फोडून नदीत फेकले होते! मग त्यानं अंगठी काढून खिशात टाकली.

"कुठं बोलू नकोस," तो म्हणाला. "आणि उद्या जरा लवकर ऊठ. वाळू बरीच आहे."